विमलकाकूंची हरकत

विमलकाकू पागनीस उभ्या राहिल्या की व्यासपीठावरची माणसं घड्याळाकडे बघू लागत. कंपनीची वार्षिक सभा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मंगल कार्यालयात व्हायची. लग्नातल्याच लाल खुर्च्या, भिंतीवर आदल्या दिवशीच्या रिसेप्शनच्या सुकलेल्या माळा आणि दाराशी टेबलावर चहा-समोसे. अध्यक्ष घाईघाईने ठराव वाचत आणि शेवटी म्हणत, "मंजूर समजायचं ना?" लोक समोशांकडे बघत माना डोलवत. तेवढ्यात आवाज यायचा, "नाही. हरकत आहे." आवाज मोठा नसायचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारी नोकरी काढलेल्या बाईचा तो आवाज होता, कितीही खरखर असली तरी पलीकडच्या माणसाला नीट ऐकू जाणारा.

मी त्यांना नीट ओळखू लागले ती अशाच एका सभेत. तशी आमची घरं शिंदे की छावनीत एकाच गल्लीत होती, पण येता-जाता हसण्यापलीकडे ओळख नव्हती. बाबा गेले तेव्हा त्यांच्या नावावर या कंपनीचे थोडे शेअर निघाले. आई म्हणाली, "बँकेत नोकरी करतेस, एकदा जाऊन बघ तरी, तुझ्या बाबांनी काय करून ठेवलंय ते." मी गेले आणि सरळ समोशाच्या टेबलाकडे वळले. काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मला हाताने बोलावलं.

"देशपांड्यांची मंजू ना तू? बस इथे. समोसा नंतर. आधी खाल्लं की माणूस कशालाही हो म्हणतो."

त्या दिवशी त्यांनी तीन प्रश्न विचारले. तिन्हींना अध्यक्षांनी एकच उत्तर दिलं, "देखेंगे, काकू, देखेंगे." काकू खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "मतलब पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं."

कंपनी विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बनवायची, तारेखाली बसवलेल्या तपकिरी चकचकीत वाट्या असतात ना, त्या. देवस्थळी नावाच्या इंजिनियरने बानमोरला कारखाना काढला तेव्हा तो माधवगंजात, छावनीत, दाणाओळीत मराठी घरांचे जिने चढून शेअर विकत फिरला होता. कुणी प्राध्यापक, कुणी वैद्य, कुणी कोर्टातला कारकून. सगळ्यांनी ओळखीखातर थोडे थोडे घेतले. काकूंनी मात्र ओळखीखातर घेतले नव्हते. नवरा म्हणाला होता, "कपबशांच्या कारखान्यात पगार घालवतेस?" काकूंनी त्यांना न जुमानता घातला.

"माझ्या नावावर तेव्हा काहीच नव्हतं बघ," त्या एकदा म्हणाल्या. "घर सासऱ्यांचं, स्कूटर ह्यांची. म्हटलं, कारखान्याचा एक तुकडा तरी माझा असू दे."

आग्र्याला जाताना त्या गाडीच्या खिडकीतून खांब दाखवायच्या. "तो बघ, आपला आहे." तो आपला कशावरून, असं मी विचारलं तर म्हणायच्या, "तुझा नसेल. माझा आहे."

देवस्थळी होते तोवर सगळं ठीक चाललं. ते गेले आणि कारखाना मुलगा श्रीरंग आणि जावई अजित यांच्या हाती आला. श्रीरंग मनाने चांगला. पण सकाळी घेतलेला निर्णय संध्याकाळी बदलणारा. अजित निर्णय बदलत नसे, कारण तो घेतच नसे. श्रीरंगने काही ठरवलं की ते अडवायचं, एवढंच त्याचं काम. एकाने दिलेली ऑर्डर दुसरा रद्द करायचा. एकदा भट्टीसाठीची माती मागवायचीच राहिली, कारण दोघांनाही वाटलं की ती दुसऱ्याने मागवली. सभेत काकूंनी विचारलं, "मातीशिवाय चिनी माती कशी करतात?" सगळे हसले. श्रीरंगही हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण बाबांचे पैसे त्यात होते. घरी येताना मी स्कूटरवर सारखी धुसफुसत होते.

त्यातच राजकारण आलं. कारखान्याची जमीन सरकारी लीजवर होती. लीजची मुदत संपत आली, नूतनीकरणाची फाईल वर गेली आणि वरच राहिली. कारखान्यासमोरचा रस्ता पाइपासाठी म्हणून खणला गेला. पाइप आले नाहीत, खड्डा राहिला, आणि भरलेले ट्रक आतच अडकून पडायला लागले. मग तपासण्या सुरू झाल्या. कुणी धूर बघायला यायचं, कुणी वजनकाटा बघायला. उघड कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळ्या बानमोरला माहीत होतं की तिथले एक पुढारी, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, त्यांचा या जमिनीवर डोळा आहे. जमीन हायवेला लागून होती आणि त्यांना तिथे गोदामं बांधायची होती.

श्रीरंग सभेत म्हणाला, "काकू, फाईल ऊपर अटकली आहे, मी काय करू?"

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे... वर."

"श्रीरंग, कॉल लागत नसेल तर आम्ही आधी बघायचो, कुठल्या एक्स्चेंजला अडकलाय. 'वर' नावाचं एक्स्चेंज मी कधी ऐकलं नाही. टेबल शोध, माणूस शोध. आणि तोवर लाईन सोडायची नाही."

"लाईन सोडायची नाही" हे त्यांचं नेहमीचं बोलणं. भाजीवाल्याशी भाव करताना, डॉक्टरकडे रांगेत, पुण्याच्या मुलीशी भांडण झाल्यावरसुद्धा. मला त्याचा वैताग यायचा. लाईन न सोडणं म्हणजे नुसतं कानाला रिसीव्हर लावून बसणं, आणि पलीकडे कुणीच नसेल तर? मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "पलीकडे कुणी नाही हे तुला कसं कळणार, ठेवून दिलास तर?"

अशा वेळी पंकजजी आले. भैयाजींचे भागीदार, पांढरा शर्ट, अतिशय नम्र. कारखाना जागेसकट त्यांच्या फर्मला विकावा, म्हणजे लीजचा प्रश्नही सुटेल आणि भागधारकांनाही दोन पैसे मिळतील, असा प्रस्ताव त्यांनी दिला. अजित लगेच तयार झाला. श्रीरंग चार दिवस हो म्हणायचा आणि चार दिवस नाही. अखेर ठराव सभेपुढे आणायचं ठरलं. असा ठराव पास व्हायला चार हिश्श्यांतले तीन हिस्से मतं लागतात. म्हणजे किरकोळ भागधारकांतल्या पुरेशा लोकांनी विरोध केला तर विक्री अडत होती. हे पंकजजींनाही माहीत होतं, म्हणून ते घरोघरी जाऊन शेअर विकत घ्यायला लागले.

काकूंकडे आले तेव्हा मी तिथेच होते. पंकजजींनी आधी पायांना हात लावला.

"माताजी, इस उमर में क्यों परेशान होती हैं? अच्छा दाम दे रहे हैं."

"परेशान तो आप लग रहे हैं, बेटा," काकू म्हणाल्या. "मैं तो घर में बैठी थी. आप ही सीढ़ियाँ चढ़कर आए."

काकूंनी त्यांना सरबत दिलं, त्यांच्या आईची तब्येत विचारली, आणि रिकाम्या हाताने पाठवलं. जाताना ते माझ्याकडे वळले, कारण मीही भागधारक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलेला भाव ऐकून माझं मन चाळवलं. तेव्हा आम्ही फ्लॅट घ्यायच्या खटपटीत होतो. बाबांच्या त्या शेअरनी इतक्या वर्षांत आम्हाला समोशाखेरीज काही दिलं नव्हतं.

ते गेल्यावर मी काकूंना म्हटलं, "मला विकावेसे वाटतात."

मला वाटलं त्या समजावतील, रागावतील, बाबांचं नाव काढतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. "तुझे आहेत, विक," त्या म्हणाल्या. "फक्त मला आधी सांग, म्हणजे मी तुला धरून चालणार नाही."

बस, एवढंच. त्यांनी जरा जरी दबाव टाकला असता तर मी दुसऱ्या दिवशी विकले असते. त्यांनी दार उघडं ठेवलं आणि मी तिथेच घुटमळत राहिले. घरी नवऱ्याशी यावरून माझं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि त्यामुळेच मी जास्त चिडले.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. बँक सुटली की मी स्कूटर काढायची, काकू मागे बसायच्या, आणि आम्ही एकेका भागधारकाचं घर गाठायचो. विकू नका, सभेला या, येता येत नसेल तर तुमच्या वतीने मत द्यायचा अधिकार लिहून द्या, एवढंच मागणं. पण कुठेही गेलं की आधी लोकांचा संताप ऐकावा लागायचा. माधवगंजातले एक निवृत्त प्राध्यापक तर काकूंवर अक्षरशः ओरडले. "विमलताई, आमची वयं बघा! लाभांश नाही, हिशेब नाही, दरवर्षी 'देखेंगे'! तुमचा धीर तुमच्यापाशी ठेवा!" काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्यांचं संपल्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. हेच सभेत येऊन बोला ना. तिथे मी एकटी पडते." प्राध्यापकांच्या बायकोने आतून सही केलेला कागद आणून दिला.

एका घरी मात्र भलतंच झालं. करकऱ्यांच्या काकू दारातच रडायला लागल्या. यजमानांचं डायलिसिस सुरू होतं, मुलगा बेकार होता. पंकजजी त्या दुपारीच येऊन गेले होते. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तुम्ही विका. आजच्या आज विका, आणि त्यांनी सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त मागा. ते देतील, त्यांना घाई आहे."

खाली आल्यावर मी स्कूटर सुरूच केली नाही. "आपण लोकांनी विकू नये म्हणून फिरतोय ना? मग हे काय? एकेका मतासाठी मी ऑफिसातून पळत येते आणि तुम्ही..."

"मंजू, ज्याला खरंच गरज आहे त्याच्याकडे धीर मागायचा नसतो," काकू म्हणाल्या. "ज्याचं पोट भरलंय त्याच्याकडे मागायचा. चल, अजून दोन घरं आहेत."

मी स्कूटर सुरू केली आणि आम्ही ती दोन घरंही केली. आज वाटतं, लोकांनी त्या बाईला जी मतं दिली ती बहुधा अशाच गोष्टींमुळे. दुसऱ्या दिवशी सगळ्या माधवगंजात पसरलं होतं, की पागनीसबाईंनी स्वतः करकऱ्यांना विकायला सांगितलं. त्यानंतर दारं जरा लवकर उघडायला लागली.

ही लिहून घेतलेली अधिकारपत्रं सभेच्या दोन दिवस आधी कंपनीच्या कार्यालयात पोचावी लागतात, नाहीतर ती बाद. कार्यालय नई सडकवर, एका साडीच्या दुकानाच्या वर होतं. आम्ही शेवटच्या दिवशी दुपारी गेलो तर दाराला कुलूप. खालचा दुकानदार म्हणाला, "बाबूजी तो सुबह ही चले गये. बोले आज छुट्टी है." सुट्टी कसली ते त्यालाही माहीत नव्हतं. अजितचा फोन बंद. पाच वाजता मुदत संपणार होती.

मला रडू फुटायचं बाकी होतं. इतके जिने, इतकी बोलणी खाल्ली, आणि शेवटी एक कुलूप. मी म्हटलं, "चला, संपलं." काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या, पर्समधून मोबाइल काढला आणि श्रीरंगला फोन लावला.

"श्रीरंग, मी ऑफिसच्या जिन्यात बसले आहे. किल्ली पाठव."

तिकडून काहीतरी कारण आलं असावं.

"तुला माहीत नव्हतं, ते ठीक. आता माहीत झालं."

पुन्हा काहीतरी.

"नाही, ठेवत नाही मी. तू कापलास तर पुन्हा लावीन. मी आयुष्यभर हेच केलंय, मला कंटाळा येत नाही."

त्याने खरंच दोनदा कापला. त्यांनी दोनदा लावला. आवाज चढला नाही, शब्द बदलला नाही. खाली बायका साड्या बघत होत्या, ऊन जिन्यावरून सरकत चाललं होतं. आणि मग पाचला थोडा अवकाश असताना जिन्यात पावलं वाजली. श्रीरंग स्वतः आला होता, घामाघूम. त्याने कुलूप काढलं, कागद घेतले, पोच लिहून दिली. अजितने कुलूप घातलं होतं आणि श्रीरंगने ते उघडलं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वडिलांसारखा आलास धावत," त्या म्हणाल्या. मला वाटतं, पुढचा सगळा गोंधळ त्या एका वाक्याने झाला.

सभेत हॉल भरला होता. लोकांना उभं राहायला जागा नव्हती. अजितने हात वर करून मतं घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे आमची अधिकारपत्रं मोजलीच गेली नसती. काकूंची हरकत आली, आणि या वेळी त्यांच्यामागून माधवगंजातले प्राध्यापकही उठले. मतपत्रिका वाटाव्या लागल्या. विक्रीचा ठराव पडला. थोडक्यात पडला, पण पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंकजजी शांतपणे उठले, काकूंपाशी येऊन पुन्हा पाया पडले आणि निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

भीती खरी ठरली. पुढे काहीच झालं नाही. खड्डा तसाच, फाईल तशीच. राज्यात सरकार बदललं तेव्हा आम्हाला वाटलं, आता भैयाजींचं चालणार नाही. महिन्याभरात त्यांच्या गाडीवरचा झेंडा बदलला आणि त्यांचं पूर्वीसारखंच चालू राहिलं. काकू आणि कारखान्यातली काही माणसं भोपाळला दोनदा जाऊन आली. एकदा साहेब रजेवर होते, एकदा साहेबांची बदली झाली होती. आणि मग एके दिवशी, कुणी काही न करता, लीजचं नूतनीकरण होऊन आलं. कुणी तरी नवा अधिकारी आला आणि त्याने सही केली. फाईल का अडकली होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि का सुटली तेही नाही. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता राग आला. एवढ्या माणसांची एवढी वर्षं, आणि उत्तर एका सहीचं.

आता श्रीरंगला अडवणारं कुणी नव्हतं. अजितही आपला वाटा सोडून गेला होता. आणि नेमकं याच काळात श्रीरंगने कारखाना जितका बिघडवला तितका भैयाजींनाही जमला नव्हता. दिल्लीच्या कुणा सल्लागाराने सांगितलं म्हणून त्याने इन्सुलेटरची एक भट्टी बंद करून तिथे नक्षीदार कप आणि फुलदाण्या करायला घेतल्या. कप विकले गेले नाहीत. इन्सुलेटरचा माल खराब निघून परत आला. कामगारांचे पगार लांबू लागले. काकू विचारायच्या आणि श्रीरंग प्रेमाने म्हणायचा, "काकू, तुम्ही आहात ना आमच्यासोबत. अपनों का भरोसा रहे तो सब ठीक होता है." त्यांनी त्याला एक वर्ष दिलं. तोंडावर सांगून दिलं. ते वर्ष कपांमध्येच गेलं.

मग विमलकाकूंनी पुन्हा सह्या गोळा केल्या. या वेळी श्रीरंगला संचालकपदावरून काढायची सभा बोलावण्यासाठी. ज्यांनी ऐकलं ते चाट पडले. श्रीरंग म्हणजे लहानपणी काकूंच्या घरी जेवून शाळेत गेलेला मुलगा. मी म्हटलं, "काकू, तो तुम्हाला आपलं समजतो."

"म्हणून तर इतके दिवस गेले," त्या म्हणाल्या.

सभेच्या आदल्या दुपारी मला घेऊन त्या श्रीरंगच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोने जेवायला थांबवलं, वरण-भात वाढला. काकू जेवल्या. हात धुऊन आल्या आणि त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "उद्या मी तुझ्याविरुद्ध मत देणार आहे. हॉलमध्ये कळायला नको, म्हणून सांगायला आले."

"काकू, तुम्हीच तर मला वाचवलं होतं."

"तुला नाही रे. कारखान्याला वाचवलं. तुझा समज झाला, आणि मला तेव्हा बरं वाटलं म्हणून मी तो दूर केला नाही. ते चुकलंच माझं."

"मग आता माझ्यासाठी थोडा धीर नाही राहिला तुमच्याकडे?"

"तुझ्यासाठी आहे. घरी ये, जेव, कितीही वर्षं ये. कारखान्यासाठी नाही उरला."

तो उठून आत गेला. त्याची बायको आमच्याकडे न बघता ताटं उचलत होती. परतताना रस्ताभर काकू माझ्या खांद्याला घट्ट धरून बसल्या होत्या. एरवी त्या मागच्या दांडीला धरत.

ठराव पास झाला. श्रीरंग सभेला आला नव्हता. नव्या मंडळाने खुर्ज्याहून चिनी मातीच्या धंद्यात मुरलेले एक मॅनेजर आणले. त्यांनी कप बंद केले, भट्टी दुरुस्त केली, पगार वेळेवर सुरू केले. इथे गोष्ट सुखाने संपायला हवी, पण तसं झालं नाही. कारखाना चालतो, एवढंच. रस्त्यावरचा खड्डा अर्धा बुजला आहे. लाभांश अजून नाही. माझे शेअर अजून माझ्याकडेच आहेत आणि फ्लॅटचे हप्ते मी पगारातून फेडते. श्रीरंग काकूंच्या घरी पुन्हा जेवायला आला नाही. दिवाळीला त्या फराळाचा डबा पाठवायच्या. डबा धुऊन, रिकामा परत यायचा. रिकामा डबा आमच्यात कुणी परत पाठवत नाही. काकू तो फडताळात ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरायच्या.

शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ बरीच बसायची. मुलगी पुण्याहून आली होती, पण तिला सुट्टी संपली की जावं लागे. एका दुपारी उशाशी बसून मी मनात कितीतरी वर्षं होतं ते विचारलं. "काकू, तुम्हाला कधी वीट आला नाही? एवढा धीर कुठून आणलात?"

त्यांनी खुणेने उशी जरा उंच करायला लावली.

"धीर कसला," त्या म्हणाल्या. "राग होता मला. फार राग होता. पहिल्या दिवशीच सगळा काढला असता तर दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? म्हणून जपून वापरला."

मग थोड्या वेळाने, "तुझा तू फार भरभर संपवतेस."

पंधरवड्याने त्या गेल्या. सभेतले बरेच लोक घाटावर आले होते. नव्या मॅनेजरांनी कारखाना अर्धा दिवस बंद ठेवला, आणि मला राहून राहून वाटत होतं, काकूंनी याला नक्की हरकत घेतली असती.

दिवस-कार्य उरकल्यावर एका रविवारी दुपारी श्रीरंग आमच्याकडे आला. काकूंच्या घराला कुलूप बघून इकडे आलो, म्हणाला. केस पांढरे झाले होते. हल्ली तो एका शोरूममध्ये नोकरी करतो असं ऐकलं होतं. सोफ्याच्या कडेला बसला.

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

गोड काहीतरी सांगता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जणू हेच ऐकायला आला होता. पण उठला नाही. पाण्याचा पेला हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "या वर्षीची सभा कधी आहे, माहीत आहे का तुला? मला कुणी काही सांगत नाही. कारखान्यात नवं माल-गोदाम बांधणार म्हणे, त्याचं काय ठरलं, तेही कळत नाही. शेअर आहेत अजून माझे, सगळे. विकले नाहीत मी."

मी त्याला तारीख सांगितली. "तुला विचारायचं आहे का काही सभेत?"

"आहे. पुष्कळ आहे." तो ओशाळं हसला. "पण समोरून उठून विचारतात कसं, तेच माहीत नाही, मंजू. मी कायम व्यासपीठावर बसलेला."

"मलाही अजून नीट येत नाही," मी म्हटलं. "वेळ लागतो." आणि चहा ठेवायला आत गेले.